टाळ्या कोणाच्या?

फ्रान्सच्या दक्षिणेला कार्कासोन नावाचं तटबंदीचं शहर आहे. तिथल्या ग्रंथालयात तेराव्या शतकातल्या एका काव्याची जगातली एकुलती एक प्रत आहे. तिची सुरुवातीची पानं गहाळ, शेवटचीही गहाळ. कवी कोण ते ठाऊक नाही. मूळ नावही ठाऊक नाही. नायिका फ्लामेंका, म्हणून अभ्यासक काव्यालाही ‘फ्लामेंका’च म्हणू लागले. आठ हजारांवर ओळी उरल्या आहेत. भाषा ऑक्सितान. एके काळी दक्षिण फ्रान्सच्या कवींनी गाजवलेली आणि पुढे पॅरिसच्या फ्रेंचने मागे सारलेली.

गोष्ट अशी आहे. आर्शाम्बो नावाच्या उमरावाशी फ्लामेंकाचं लग्न होतं. समारंभात राजा तिच्याशी जरा सलगीने वागतो, एवढंच निमित्त, आणि नवऱ्याच्या डोक्यात संशयाचं भूत शिरतं. तो आंघोळ सोडतो, दाढी सोडतो आणि बायकोला दोन दासींसह बुरुजात कोंडून ठेवतो. बाहेर पडायचं ते चर्चला आणि स्नानगृहात जाण्यापुरतं. गियेम नावाचा एक सरदार तिला न बघताच तिच्या प्रेमात पडतो आणि धर्मगुरूचा मदतनीस बनून चर्चमध्ये शिरतो. चुंबनासाठी पोथी तिच्यापुढे धरायची, तेवढ्या क्षणात दोन अक्षरं कुजबुजायची. पुढच्या खेपेला ती दोन अक्षरांत उत्तर देणार. असा त्यांचा संवाद महिनोन्‌महिने चालतो. एकेका शब्दासाठी आठवडाभर ताटकळणारं हे प्रेमप्रकरण वाचताना मला राहून राहून वाटलं, की या कवीला तालाचं अंग होतं. कुठे थांबायचं ते त्याला कळत होतं.

बार्सिलोनाच्या संगीत महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीच्या हाती ही गोष्ट लागली आणि तिने पदवीच्या अखेरच्या प्रकल्पासाठी ती घेतली. २ नोव्हेंबर २०१८ रोजी त्याच प्रकल्पाचा अल्बम होऊन बाहेर आला: ‘एल माल केरेर’. गायिका रोसालिया. ‘केरेर’ हे प्रेम करणं या अर्थाचं क्रियापद स्पॅनिशमध्ये नामासारखंही वापरतात, आपण ‘त्याचं वागणं’, ‘तिचं बोलणं’ म्हणतो तसं. म्हणजे ‘वाईट रीतीचं प्रेम करणं’. प्रेम वाईट नाही, करण्याची रीत वाईट. हा बारकावा शीर्षकातच आहे.

अल्बममध्ये अकरा गाणी आहेत आणि लांबी जेमतेम तीस मिनिटं. प्रत्येक गाण्याला एक नाव आणि सोबत कादंबरीच्या प्रकरणासारखं एक उपनाव आहे. पहिलं ‘मालामेंते’, उपनाव अपशकुन. मग लग्न, मत्सर, भांडण, विलाप, कोंडवाडा, उपासना, आनंदाची परमावधी, गर्भधारणा, शहाणपण. अकरावं ‘आ निंगुन होम्ब्रे’, म्हणजे ‘कोणत्याही पुरुषाला नाही’, आणि त्याचं उपनाव सत्ता. जुन्या काव्यात कोंडलेल्या बाईला भेटायला प्रियकर युक्ती लढवतो. त्यासाठी तो स्नानगृहापर्यंत भुयार खणतो. इथे भुयार खणायला कोणी येत नाही.

आता पहिली गल्लत दूर करू. नायिकेच्या ‘फ्लामेंका’ या नावाचा फ्लामेंको गाण्याशी काही संबंध नाही. मूळ अर्थ ‘फ्लँडर्सची’. योगायोगच, पण असा योगायोग हाताशी आला तर कोण सोडेल?

रोसालियाचा जन्म १९९२ चा. बार्सिलोनाजवळच्या कारखान्यांच्या आणि मालट्रकच्या पट्ट्यातल्या संत एस्तेवे सेस्रोविरेस या गावात ती वाढली. गाव कातालान. फ्लामेंकोचा प्रदेश आंदालुसिया, तो देशाच्या दुसऱ्या टोकाला. पण विसाव्या शतकात आंदालुसियातून पोटासाठी लाखो माणसं बार्सिलोनाच्या परिसरात आली आणि त्यांची गाणी त्यांच्यासोबत आली. तेरा-चौदा वर्षांची असताना मित्रमैत्रिणींच्या गाडीतून कामारोन दे ला इस्लाचा आवाज हिच्या कानावर पडला. कामारोन म्हणजे फ्लामेंकोतलं शेवटचं मोठं नाव असं मानणारे आजही भरपूर आहेत. तिथून पुढची वर्षं होसे मिगेल विस्काया, म्हणजे ‘एल चिकी दे ला लीनेआ’, या गुरूकडे तालीम. मध्ये गळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि गाणं जवळपास नव्याने शिकावं लागलं. ज्या महाविद्यालयात ती शिकली तिथे फ्लामेंको गायनाला वर्षाला एकच विद्यार्थी घेतात. ‘पॉपस्टार’ या शब्दामागे हे सगळं लपून जातं.

तिचा पहिला अल्बम ‘लोस आंखेलेस’ २०१७ चा. राउल रेफ्रीची गिटार आणि हिचा आवाज, बाकी काही नाही, विषय मृत्यू. तो ऐकून दर्दी लोक खूश झाले. ‘एल माल केरेर’साठी मात्र तिने गिटारवाला सोडून एकदम दुसऱ्याच जातीच्या माणसाला हाताशी धरलं.

हा माणूस पाब्लो दियास-रेइशा. कानारी बेटांवरचा. संगीतात नाव ‘एल गिंचो’. हा संगणकावर आवाजांचे तुकडे कापून, उलटेसुलटे करून, एकावर एक रचून गाणी बांधणारा. २०१० च्या त्याच्या ‘पॉप नेग्रो’ अल्बममधलं पहिलंच गाणं आहे ‘बॉम्बे’! नावावर भाळून गिरगाव-दादर शोधायला जाऊ नका, मी गेलो होतो. पण त्या गाण्याचा व्हिडिओ बार्सिलोनातल्या ‘कॅनडा’ नावाच्या चित्रणसंस्थेने केला होता आणि तो जगभर गाजला. आठ वर्षांनी ‘मालामेंते’चा व्हिडिओही याच ‘कॅनडा’कडे गेला. त्यात बैलाच्या जागी मोटारसायकल आहे आणि तिच्यासमोर बुलफायटर उभा आहे. उंच टोकदार टोपीतला पवित्र सप्ताहातला भक्त खिळे मारलेल्या स्केटबोर्डवरून सरकत जातो. स्पेनच्या माणसाला ही प्रतीकं वाढदिवसाच्या केकइतकी ओळखीची, पण या जागी ती कधी पाहिलेली नव्हती.

अल्बमचं बरंचसं काम एल गिंचोच्या बार्सिलोनातल्या घरी झालं. लॅपटॉप, माइक, साउंडकार्ड, एवढीच सामग्री. अल्बमचं निर्मितीचं श्रेय या दोघांचं मिळून आहे. ‘गायिका गाते आणि संगीतकार संगीत देतो’ ही आपली सिनेमातली वाटणी इथे लागू पडत नाही. आवाज कुठे कापायचा, कुठे दुणावायचा, हेही इथे गायिकेचंच काम आहे.

आता टाळ्यांकडे येतो, कारण माझ्या मते या अल्बमचं इंजिन तिथे आहे.

फ्लामेंकोत टाळ्यांना ‘पाल्मास’ म्हणतात. त्या श्रोत्यांनी वाजवायच्या नसतात. टाळ्या वाजवणारे कलाकार असतात, मंचावर बसतात, मानधन घेतात. टाळ्यांचे दोन मुख्य प्रकार: तळव्याची ओंजळ करून काढलेला दबका आवाज आणि बोटं ताठ ठेवून तळव्यावर मारलेला टणटणीत आवाज. आपल्या डग्ग्या-चाटीची आठवण यावी असा फरक. एकजण ठेका धरतो, दुसरा त्याच्या मधल्या फटी भरत जातो. मधूनच ‘ओले’, ‘तोमा’ असे उद्गार. आपल्याकडे ‘क्या बात है’ समोरून येतं, इथे ते शेजारच्या खुर्चीतून येतं आणि तेसुद्धा तालात. या अल्बमवरच्या टाळ्या आणि आरोळ्या वेल्वा शहरातल्या ‘लोस मेयिस’ या जुळ्या भावांच्या. ‘मालामेंते’ पुन्हा ऐका: खाली खोल घुमणारा इलेक्ट्रॉनिक खर्ज, वर रोसालियाचा दबलेला आवाज आणि दोघांच्या मध्ये या टाळ्या. टाळ्या काढून घेतल्या तर ते त्या वर्षीच्या शंभर गाण्यांपैकी एक होईल.

बुलेरिया नावाचा ताल समजून घ्यायचा तर भिंतीवरचं घड्याळ डोळ्यांसमोर आणा. बारा आकडे, बारा मात्रा. मोजायला सुरुवात बारावर करायची. जोर द्यायचा बारा, तीन, सहा, आठ आणि दहावर. म्हणजे आधी तीन-तीनची दोन पावलं, मग दोन-दोनची तीन. वेग जलद. मी पहिल्यांदा हे करून पाहिलं तेव्हा हाताला सवयीने एकताल आठवत राहिला, कारण मात्रा तितक्याच. पण एकतालाचे विभाग दोन-दोनचे सरळ सहा, आणि इथे आवर्तन मधोमध दिशा बदलतं. आठवर टाळी द्यायच्या जागी मी नऊवर देत होतो. दोन दिवसांनी जमलं आणि मग अल्बममधलं दुसरं गाणं, लग्नाचं ‘के नो साल्गा ला लुना’, एकदम उलगडलं.

त्या गाण्यात अजून एक आवाज दडलेला आहे, ला पाकेरा दे हेरेसचा. १९३४ ते २००४ हा तिचा काळ. हेरेस शहरातली बुलेरियाची राणी. तिच्या जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा कापून गाण्यात बसवलेला आहे. आठव्या ‘दी मी नोम्ब्रे’मागे मालागाच्या ला रेपोंपाच्या तांगोची चाल आहे. हा तांगो म्हणजे फ्लामेंकोतला चार मात्रांचा ताल. अर्जेंटिनाचं नृत्य वेगळं. रेपोंपा १९५९ मध्ये ऐन विशीत गेली. या गाण्यावर लोक नाचतात तेव्हा त्यातल्या किती जणांना हे ठाऊक असतं, हा प्रश्न मला छळतो आणि तितकाच खोटाही वाटतो. लावणीवर नाचताना शाहिराचं नाव कोण विचारतं?

उसनवारी फक्त आंदालुसियातून नाही. सातव्या ‘बगदाद’मध्ये जस्टिन टिंबरलेकच्या २००२ मधल्या ‘क्राय मी अ रिव्हर’ची चाल येते. तीच, पण चर्चमध्ये शिरल्यासारखी, सोबत बार्सिलोनाच्या ‘ओर्फेओ काताला’ या जुन्या संस्थेच्या बालवृंदाचे आवाज. बगदाद हे इथे इराकमधलं शहर नाही. बार्सिलोनातल्या एका कामुक खेळांच्या क्लबचं नाव आहे. त्या गाण्याचं उपनाव ‘उपासना’. मुलांचे कोवळे आवाज, क्लबचं नाव आणि अमेरिकन पॉपची चाल अशी मोळी बांधायला छाती लागते, आणि ती सुटली नाही याचं बरंचसं श्रेय हिच्या गळ्याला.

दहाव्या ‘माल्दिसिओन’मध्ये आर्थर रसेलच्या ‘आन्सर्स मी’चा तुकडा आहे. रसेल अमेरिकेतल्या आयोवाचा, चेलो वाजवणारा. १९९२ च्या एप्रिलमध्ये एड्सने गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रोसालिया जन्मली. आपल्याला जवळची गोष्ट ही, की तरुणपणी कॅलिफोर्नियात असताना रसेल उस्ताद अली अकबर खाँ यांच्या महाविद्यालयात हिंदुस्थानी संगीत शिकला होता. त्याचा एकटा चेलो आणि तोंडातल्या तोंडात गुणगुणणारा आवाज ऐकताना ही माहिती मनात असली की कान जरा वेगळे लागतात. एवढंच, यातून मोठा निष्कर्ष काढायला मी तयार नाही.

सहावं ‘प्रेसो’ हे गाणंच नाही. अभिनेत्री रॉसी दे पाल्मा – दिग्दर्शक आल्मोदोवारच्या सिनेमांतली, तो धारदार चेहरा एकदा पाहिला की विसरत नाही – काही क्षण बोलते. आयुष्य पाहून बसलेल्या बाईचा जाडसर आवाज. कोंडवाड्याच्या प्रकरणात गायिकेला गप्प बसवून दुसऱ्याच बाईला बोलू देणं ही मला या अल्बममधली सर्वांत हुशार निवड वाटते.

आणि भांडणाचं चौथं, ‘दे आकी नो सालेस’. म्हणजे ‘इथून तू बाहेर पडणार नाहीस’. यात मोटारसायकलचं इंजिन गुरगुरतं, ब्रेक किंचाळतात, आणि तेच ठेका धरतात. हे गाणं आणि त्याच्या आधीचं मत्सराचं ‘पिएन्सो एन तू मिरा’, दोन्हीत बोलणारा आहे तो पुरुष. आर्शाम्बोच म्हणा. बाई त्याचे शब्द गाते, तेही लाडिक, पातळ, जवळजवळ अंगाईच्या आवाजात. घरातली हिंसा कित्येकदा याच आवाजात बोलते, हे बऱ्याच श्रोत्यांना ओळखीचं वाटलं असणार.

हे शब्द लिहिण्यात एक पुरुष होता. माद्रिदचा रॅपर सी. तांगाना, खरं नाव आंतोन आल्वारेस. अकरापैकी आठ गाण्यांच्या लेखनात त्याचं नाव आहे. तो तेव्हा रोसालियाचा जोडीदार होता. २०१६ मध्ये दोघांनी ‘आंतेस दे मोरिरमे’ हे युगुलगीतही केलं होतं. अल्बम दुकानात येईपर्यंत नातं संपलं होतं. यावरून स्पॅनिश वर्तमानपत्रांनी भरपूर रकाने भरले, ते सोडून देऊ. माझं कुतूहल वेगळं आहे: कोंडणाऱ्या पुरुषाची भाषा इतकी नेमकी उतरली, कारण ती लिहायला दोघं बसली होती. पुढे २०२१ मध्ये ‘एल माद्रिलेन्यो’ या अल्बममध्ये तांगानानेही जुन्या लोकसंगीताचा असाच धांडोळा घेतला. धडा दोघांनी एकत्र गिरवला होता.

मुखपृष्ठ फिलिप चुस्तिच या तरुण छायाचित्रकाराचं. ढगांत तरंगणारी रोसालिया, चर्चमधल्या मेरीमातेच्या तसबिरीसारखी. प्रत्येक गाण्याला त्याने वेगळं चित्र दिलं, कालनिर्णयच्या पानांसारखं एकेक. पारितोषिकं आली: ‘मालामेंते’ला २०१८ ची दोन लॅटिन ग्रॅमी, अल्बमला २०१९ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमची लॅटिन ग्रॅमी (एकट्या गायिकेला हा मान २००६ मध्ये शकिराला मिळाला होता, त्यानंतर थेट हिलाच), आणि जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतली ग्रॅमी.

आता टाळीच्या दुसऱ्या बाजूकडे.

स्पेनमधल्या रोमा समाजाला हितानो म्हणतात. फ्लामेंको आंदालुसियाच्या गरीब वस्त्यांमध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकात घडलं, आणि ते घडवणाऱ्यांमध्ये हितानो घराणी आघाडीवर होती. रोसालिया गाजू लागली तेव्हा हितानो लेखक-कार्यकर्त्यांनी विचारलं: आमचे उच्चार, आमचे शब्द, आमचे दागिने घालून एक कातालान मुलगी जगभर मिरवते, मग आमच्या मुलींना ही दारं का उघडत नाहीत? रोसालियाचं म्हणणं असं, की संगीताला कुंपण नसतं आणि मी हे शिकून, मानून गाते. दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात. शिकली ती प्रामाणिकपणे, यात वाद नाही. पण शिकण्यासाठी महाविद्यालय, पैसा, गोरा चेहरा लागतो, आणि हा प्रश्न एका गायिकेच्या प्रामाणिकपणाने सुटणारा नाही.

या वादात आपला एक धागा आहे, आणि तो भाषेतला आहे. हितानोंची स्पेनमधली पहिली लेखी नोंद १४२५ ची, आरागोनच्या राजाने दिलेल्या परवान्यात. लोकांना वाटलं हे इजिप्तहून आले, म्हणून ‘एखिप्तानो’वरून ‘हितानो’. खरं मूळ कुठलं ते अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन अभ्यासकांनी शब्द ताडून दाखवलं: हिंदुस्थान. तोवर स्पेनमध्ये त्यांची भाषा बंदीखाली चिरडली गेली होती. १७४९ मध्ये तर राजाज्ञेने देशभर एकाच वेळी धरपकड करून हजारोंना डांबलं. भाषेचं व्याकरण गेलं, शब्द उरले. त्यांना कालो म्हणतात. कालोत पाण्याला ‘पान्यी’. स्पॅनिशमध्ये पोराला ‘चावाल’ म्हणतात, तो शब्द कालोतून आलेला; मुळाशी तोच शब्द ज्यातून आपला ‘छावा’ आला. ‘कामेलार’ म्हणजे मन जिंकणं, प्रेम करणं. त्यात आपला ‘काम’ आहे. आणि ‘मालामेंते’च्या ऐन मध्यावर रोसालिया ‘उंदिवे’ असा उद्गार काढते. कालोत हा देवाचा शब्द, आणि तो आपल्याच ‘देव’, ‘देवता’च्या कुळातला.

मला इथे थांबायला आवडतं, कारण पुढे पाय घसरतो. कथक आणि फ्लामेंको एकाच मंचावर आणून ‘बघा, टाचा आपल्याच’ म्हणणारे कार्यक्रम आपण पाहिलेत. फ्लामेंकोची मुख्य स्वरपंक्ती आपल्या भैरवी थाटाशी जुळते, कोमल रिषभ, गंधार, धैवत, निषाद सगळे हजर, हे खरं. मधूनच तिथला गंधार शुद्ध होतो तेव्हा बसंत मुखारीची चाहूल लागते, हेही खरं. पण स्वर जुळणं म्हणजे वंशावळ नव्हे. अरबी, यहुदी, चर्चचं, आफ्रिकेतून अमेरिकेमार्गे परतलेलं असं बरंच काही त्या प्रवाहात मिसळलं आहे. शब्दांचा पुरावा पक्का आहे, स्वरांचा नाही. ‘उंदिवे’ ऐकून अंगावर काटा येतो तो शब्दामुळे, आणि तेवढा पुरे.

अल्बम लावायचा असेल तर क्रम मोडू नका. मोबाइलवर गाणी उलटसुलट वाजवायची सवय लागलेल्या काळात हा अल्बम पोथीसारखा पहिल्यापासून ऐकावा लागतो. पहिल्या गाण्यातल्या टाळ्या लग्नाच्या गाण्यात दाट होतात, भांडणात त्यांची जागा इंजिन घेतं. पाचव्या ‘रेनिएगो’ या विलापात मागे फक्त तंतुवाद्यं पसरतात आणि आवाज मोकळा, तालाविना कण्हतो. आठव्यात टाळ्या परत येतात, आता आनंदाच्या. आणि मग अकरावं.

ते दीड मिनिटाचं आहे. वाद्य नाही, जुळे भाऊ नाहीत, पाकेराही नाही. एकच आवाज, यंत्रातून काढून अनेकपट केलेला, आपल्याच सावल्यांच्या घोळक्यात उभा राहून गाणारा. कार्कासोनच्या प्रतीत जिथे पानं फाटलेली आहेत, साधारण त्या जागी. शेवटच्या शब्दानंतर तो आवाज तुटतो. टाळी पडत नाही.